वकील गेला, कायदा परत आला

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वकिलाच्या कपाटातून चार फायली काढा. पहिली कूळकायद्याच्या ३२ग ची निघेल. कुळाने किंमत ठरवून घेतली होती का, भरली होती का, आणि आता नातवंडं जमीन विकायला निघाली तर कलम ४३ ची शर्त उठवायची कशी. दुसरी तुकडेबंदीची. थोडे गुंठे घेतले, पैसे दिले, पण सातबाऱ्यावर नाव लागेना. तिसरी एखाद्या देवस्थान ट्रस्टच्या चेंज रिपोर्टची. गट दोन आणि दोन्हीकडे आपणच खरे विश्वस्त. चौथी बाजारपेठेतल्या जुन्या भाडेकरूची, आता विझत आलेली. पहिली तहसीलदाराकडे जाते, दुसरी प्रांताकडे, तिसरी धर्मादाय आयुक्तांकडे आणि चौथी दिवाणी कोर्टात. पण चौघींचं माहेर एकच आहे. तुकडेबंदी १९४७ ची, भाडेनियंत्रणाचा मूळ कायदाही १९४७ चा, कूळकायदा १९४८ चा, सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा १९५० चा. हे चारही कायदे मुंबई विधानसभेत मंजूर झाले. त्या सगळ्या काळात, म्हणजे मे १९४६ पासून जानेवारी १९५२ पर्यंत, त्या सभागृहाच्या अध्यक्षपदी नगरच्या कोर्टात वकिली केलेला माणूस होता. कुंदनमल सोभाचंद फिरोदिया, नगरकरांचे भाऊसाहेब.

शहरात त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांना आडनाव माहीत असतं ते फिरोदिया करंडकामुळे. पण आपण भांडतो तो कायदा मंजूर होताना खुर्चीवर आपल्याच बारमधला माणूस होता, ही गोष्ट नगरच्या कोर्टातही सहसा कुणी बोलून दाखवत नाही. वकिलांना कलम पाठ असतं, कायद्याचा जन्म कुणी बघत नाही.

फिरोदिया हे आडनाव गावावरून आलेलं. राजस्थानात नागौरजवळचं फिरोद हे त्यांचं मूळ गाव. पुढे घर व्यापारासाठी नगरला आलं आणि नगरचंच झालं. कुंदनमल यांचा जन्म १८८५ चा. त्याच वर्षी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं आणि मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढे ते फर्ग्युसनलाच शिकले आणि काँग्रेसमध्येच आयुष्य गेलं, म्हणून हा योगायोग नोंदवायचा. त्या वेळी पुण्याचं लॉ कॉलेज निघालेलं नव्हतं, ते १९२४ चं. कायदा शिकायचा तर मुंबईशिवाय वाट नव्हती. नगरचा मुलगा पुण्याला जायचा, तिथून मुंबईला, आणि सनद हातात आली की खरा प्रश्न उभा राहायचा: हायकोर्टात कुणा मोठ्या वकिलाच्या हाताखाली उभं राहायचं की गावी परतायचं? भाऊसाहेब परतले.

परतणाऱ्या वकिलाला नगरमध्ये काम काय होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली. नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत तो वणवा लगेच पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगा शब्द तसा ढोबळ आहे, कारण जमावाला माणसं मारायची नव्हती, त्याला कागद हवे होते. कर्जाची खतं, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद चावडीपुढे जाळले आणि लोक घरी गेले. शेतकऱ्याचा राग सावकारावर होता तेवढाच सावकाराच्या बाजूने निकाल देणाऱ्या कोर्टावर होता. लुबाडणारे गुजर-मारवाडी आणि लुबाडलेला कुणबी, अशी त्या रागाला जातीची धारही होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो मुद्दाम केलेला. त्यामुळे न्यायाधीशाला खताच्या मागे जाता येऊ लागलं: मुद्दल किती, व्याज किती, हिशेब खरा की कोऱ्या कागदावरचा अंगठा. कायद्याच्या शब्दाएवढंच व्यवहाराच्या खरेखोटेपणाला वजन आलं. पुढची साठ-सत्तर वर्षं नगरच्या वकिलांची पोटं या एका कायद्यावर भरली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. भाऊसाहेब ज्या कोर्टात उभे राहिले ते हे कोर्ट.

आता १९४६–४७ ची मुंबई पाहा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, स्वतः सॉलिसिटर. मोरारजी देसाई गृह आणि महसूल मंत्री. अध्यक्षाच्या खुर्चीवर आधी अहमदाबादचे वकील गणेश वासुदेव मावळंकर होते. ते दिल्लीला गेले आणि त्या जागी नगरचे वकील आले. त्या सभागृहाने सावकारीवर परवान्याचं बंधन घालणारा कायदा केला आणि शेतकरी कर्जनिवारणाचा १९४७ चा कायदाही केला. १८७९ च्या त्या जुन्या कायद्याची जागा या नव्याने घेतली. ज्या समाजाकडे बोट दाखवत पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांनी खतं जाळली, त्याच समाजातल्या, त्याच जिल्ह्यातल्या वकिलाने बहात्तर वर्षांनी सावकारीला वेसण घालणाऱ्या विधेयकावर सभागृहाचं मत घेतलं. मला या सगळ्या कहाणीत हीच जागा सर्वात मोलाची वाटते, आणि ती कुठल्याही गौरवग्रंथात शोभेल इतकी गोड नाही, म्हणूनच.

इथे एक खुलासा. अध्यक्ष कायदा करत नाही. विधेयक मंत्री आणतात, मसुदा खात्याचे लोक लिहितात, मत सभासद देतात. अध्यक्षाकडे राहतं ते कोणाला बोलू द्यायचं, कोणती दुरुस्ती नियमात बसते आणि घंटा कधी वाजवायची हे ठरवणं. काम रूक्ष आहे, पण वाईट अध्यक्षाच्या हाती चांगलं विधेयकही वाया जाऊ शकतं. आणि तो काळ विधेयकांच्या पावसाचा होता. हिंदूंमधल्या द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ चा. घटस्फोटाचा १९४७ चा, म्हणजे देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षं आधी. हरिजनांना मंदिरप्रवेश १९४७. दारूबंदी आणि समाजबहिष्कृती प्रतिबंध १९४९. यातले बरेचसे कायदे पुढे कोर्टात तपासले गेले. दारूबंदीला बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं कापून बाकी कायम ठेवलं. द्विभार्येचा कायदा नरसू अप्पा माळी खटल्यात छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या पीठाने टिकवला. तो निकाल आजही व्यक्तिगत कायद्याच्या प्रत्येक वादात उद्धृत होतो. सगळे कायदे नगरलाच लागू झाले असं अर्थातच नाही, संपूर्ण मुंबई इलाख्याला झाले. पण नगरमध्ये ते कसे उतरले हे पाहण्यासारखं आहे.

कूळकायदाच घ्या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. हे १९५६ च्या दुरुस्तीने झालं. नुसतं मानलं जाऊन भागत नव्हतं. तहसीलदार शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसायचा, कलम ३२ग खाली किंमत ठरवायचा, कुळाने ती हप्त्यांनी भरायची, मग ३२म चं प्रमाणपत्र. मूळ मालक विधवा असेल, अज्ञान असेल, तर सगळं लांबणीवर, आणि त्याचं वेगळं कलम. कूळ आहे की नाही यावरच वाद असेल तर ७०ब. निकाल मान्य नसेल तर प्रांताकडे अपील, तिथून महसूल न्यायाधिकरणात, तिथून हायकोर्टात रिट. एक फाईल तीन पिढ्या चालते ती अशी. आणि किंमत भरूनही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम ४३ ला अधीन’ असा शेरा राहायचा, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही. २०१४ मध्ये ती गाठ सैल झाली. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा आणि मोकळं व्हायचं. जमिनीचा आकार काही रुपयांतच असतो, तेव्हा ही रक्कम हॉटेलातल्या एका जेवणाएवढीही भरत नाही कधीकधी. तिच्यासाठी घातलेल्या फेऱ्यांचा खर्च वेगळा.

मंदिरप्रवेशाचं दुसरं टोक शनिशिंगणापूरला सापडतं. १९४७ च्या त्या कायद्यामागून १९५६ चा हिंदू सार्वजनिक उपासनास्थान प्रवेशाचा कायदा आला. ६० वर्षं तो पुस्तकात शांत पडून होता. २०१६ मध्ये कार्यकर्त्या विद्या बाळ आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक यांनी त्याच्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १ एप्रिलला कोर्टाने सरकारला सांगितलं, कायदा तुमचाच आहे, अंमल करा. आठवडाभरात, पाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातल्या शनीच्या चौथऱ्यावर स्त्रिया चढल्या. घटनेची मोठमोठी कलमं युक्तिवादात होती. दार उघडलं ते मात्र मुंबई राज्याच्या काळातल्या एका साध्या कायद्याने.

बहिष्कृतीच्या कायद्याचं नशीब उलटं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात तो रद्द केला आणि जातपंचायतींना पुढची पन्नासहून अधिक वर्षं मोकळं रान मिळालं. आमच्या जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात मढी आहे, कानिफनाथांचं ठाणं. यात्रेला भटक्या जमातींच्या पंचायती तिथे बसायच्या. दूरदूरची माणसं न्याय मागायला तिथे यायची आणि दंड भरून, नाहीतर वाळीत पडून परत जायची. ते त्यांचं हायकोर्टच होतं, फक्त तिथून पुढे अपील नव्हतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी, त्यात जिल्ह्यातले वकीलही आले, या पंचायतींविरुद्ध लढा दिला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने केला आणि २०१७ पासून तो लागू आहे. १९४९ ला जे करायचं होतं ते असं वळसा घालून आलं.

फिरोदियांच्या घरातली पुढची वाट कोर्टापासून दूर गेली. भाऊसाहेबांचे थोरले चिरंजीव नवलमल हेही वकील. त्यांनी नगरला काही काळ वकिली केली, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, आणि बाहेर आल्यावर काळा कोट पुन्हा मनापासून अंगावर चढला नाही. माणसाने माणसाला ओढणं त्यांना खटकत होतं. इटलीतल्या तीनचाकी मालवाहू गाडीवरून त्यांना ऑटोरिक्षाची कल्पना सुचली आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच त्यांनी ती गाडी मोरारजींना दाखवली. पुण्याच्या रस्त्यांवर ती पहिल्यांदा धावली. पुढे जर्मन कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, तीच आजची फोर्स मोटर्स. त्यांचे भाऊ मोतीलाल १९६२ ला नगरचे खासदार झाले. दुसरे भाऊ हस्तीमल यांची कायनेटिक. त्यांनी लूना काढली १९७२ मध्ये, आणि कारखाना टाकला तो नगरला. वडील सनद घेऊन परतले होते, मुलगा पन्नास सीसीचं इंजिन घेऊन. शाळामास्तर, तलाठी, दूधवाले, आणि हो, तालुक्याच्या कोर्टात ये-जा करणारे वकीलसुद्धा, सगळे लूनावर बसले. मागच्या कॅरिअरला दोरीने बांधलेलं फायलींचं बोचकं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको.

उलट्या दिशेने आलेलाही एक वकील या जिल्ह्याच्या नावावर आहे. हरी सीताराम दीक्षित, मूळचे खांडव्याचे, मुंबईत नावाजलेले सॉलिसिटर. १९०९ मध्ये ते शिर्डीला आले आणि हळूहळू पेढी सुटत गेली. दीक्षितवाडा त्यांनी बांधला. साईबाबांच्या समाधीनंतर संस्थानची व्यवस्था लावायची वेळ आली तेव्हा हेच काकासाहेब दीक्षित पुढे झाले, आणि नगरच्या जिल्हा न्यायालयाकडून १९२२ मध्ये संस्थानची योजना मंजूर झाली. सगळं सोडून आलेला माणूस जाताना कायद्याचा एक कागद मात्र पक्का करून गेला. आज शिर्डी संस्थानसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि विश्वस्त मंडळावरून औरंगाबाद खंडपीठात इतक्या वेळा वाद गेलेत की दीक्षितांना बहुधा पुन्हा प्रॅक्टिस सुरू करावी लागली असती.

साखरेचा विषय टाळून नगरच्या वकिलीवर लिहिता येत नाही. प्रवरेचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्यामागे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. त्याआधीच्या खासगी कारखान्यांची गोष्ट कडू आहे. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, चांगदेव, साकरवाडी या कारखान्यांसाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने गेल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला तेव्हा कंपन्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि शेती महामंडळाला दिल्या. कागदोपत्री मूळ मालक असलेला खंडकरी शेतकरी मधल्यामध्ये अडकला. जमीनदार म्हणून त्याला कुणी मोजलं नाही आणि कूळ तर तो नव्हताच. श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता भागातल्या खंडकऱ्यांनी अर्धं शतक मोर्चे काढले आणि दावे लढवले. शेवटी कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ च्या सुमारास जमीन परत मिळू लागली, तेव्हा मागणारे आजोबा फोटोत गेले होते आणि एकेका गटाला वारस चाळीस-पन्नास.

सिन्नर तालुक्यातल्या पाडळीचे अण्णासाहेब शिंदे याच मातीत वकील झाले. बेचाळीसचा तुरुंग, मग कम्युनिस्ट चळवळ, मग काँग्रेस. १९६२ ला कोपरगावचे खासदार म्हणून दिल्लीला गेले ते शेती खात्यात राज्यमंत्री म्हणून दीर्घकाळ राहिले. मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली, त्या खात्यात तेव्हा हा मंत्री होता. आणि त्याच १९६२ मध्ये, आधी सहकारमंत्री राहिलेले शेवगावचे बाळासाहेब भारदे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि दोन पूर्ण मुदती, १९७२ पर्यंत, राहिले. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा ते सहकारमंत्री असतानाचा. कलम ८८ ची चौकशी, १०१ चा वसुलीचा दाखला हे शब्द नगरच्या वकिलाच्या तोंडी आज ३२ग इतकेच सरावाचे आहेत. एका जिल्ह्याने दोन अध्यक्ष दिले, आणि दोघांच्या काळातल्या कायद्यांनी त्याच जिल्ह्यातली कोर्टं भरली.

मग वाटेची दिशाच बदलली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी औरंगाबादला उच्च न्यायालयाचं पीठ सुरू केलं. त्यावर वाद झाला, मामला सर्वोच्च न्यायालयात गेला, पीठ टिकलं आणि १९८४ ला कायम झालं. मराठवाड्यासाठी मागितलेल्या या खंडपीठाच्या हद्दीत नगरही आलं. तोवर नगरचा हुशार वकील मुंबईकडे बघायचा. आता तो शेंडी-नेवासे फाट्यावरून संभाजीनगरची, म्हणजे त्याच औरंगाबादची, बस धरतो. तिथल्या बारमध्ये आज नगरची मंडळी किती आहेत हे आडनावांवरून सहज कळतं. माझ्या मते नगरच्या वकिलीचं यात भलंच झालं. मुंबईत जागेचं भाडं भरता भरता जो परत यायचा, तो इथे टिकू शकला, आणि सकाळी निघून रात्री घरी पोचायची सोय राहिली.

पण या नकाशात एक गंमत आहे. महसुलाला नगर नाशिक विभागात, हायकोर्टाला मराठवाड्यात, आणि पाण्याला मराठवाड्याच्या विरुद्ध बाजूला. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या पाण्याचा वाद आठवा. पाणी नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १२(६)(ग) समन्यायी वाटपाचं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र मेंढेगिरी समितीचं. मुळा, भंडारदरा, निळवंडे यांचे दरवाजे उघडायचे म्हटलं की राहुरी-संगमनेर-श्रीरामपूर पेटतं. नगर-नाशिकची मंडळी एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने निकाल दिला आणि पाणी सोडण्याचं तत्त्व कायम राहिलं. ज्या वकिलांना एरवी औरंगाबादचा रस्ता डोळे मिटून सापडतो, ते त्या खटल्यासाठी पुन्हा मुंबईला गेले.

जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर. वकीलपत्राच्या छापील कोऱ्या प्रतींवर जुनं नाव काही दिवस शाईने खोडून चाललं, आता नव्या प्रती आल्यात. तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा २०२५ च्या जुलैत महसूलमंत्र्यांनी विधानसभेतच केली. ज्या सभागृहाचा हा वारसा, तिथेच १९४७ ची गाठ सोडवायला घेतली गेली. नगरच्या कोर्टाबाहेर स्टॅम्पव्हेंडरच्या टेबलाशी तेव्हा एकच प्रश्न होता, आमचे ते गुंठे आता नावावर होतील का. वकील म्हणत होते, कागद घेऊन सोमवारी या.